सीमावाले मास्तर

परवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मला हल्ली उठता-बसता आधार लागतो, तरी दोघांनी धरून व्यासपीठावर नेऊन बसवलं. तिथं एका गृहस्थानं, आता त्याचेच केस पिकलेत, माईक हातात घेऊन आमच्या फिजिक्सच्या सरांची गोष्ट सांगितली. सरांचं लग्न गणेशपुरीच्या मुलीशी ठरलेलं होतं, पण इकडं भिवंडीत त्यांचं सीमा नावाच्या बाईबरोबर प्रकरण चालू होतं, आणि शेवटी गणेशपुरीच्या मुलीला सोडून त्यांनी सीमेशीच लग्न लावलं. सगळा मांडव हसला. मीही हसलो.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. ही गोष्ट मी इतकी वर्षं ऐकत आलो आहे, आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा मीच ती सांगितली आहे. माझ्याइतकी रंगवून ती कुणालाच सांगता येत नसे. पण सर आता नाहीत, त्यांच्या पत्नी नाहीत, आणि खरं काय घडलं ते माहीत असलेला मी एकटा उरलोय. तेव्हा माझ्या मागं ती मांडवातली गोष्ट उरू नये म्हणून हे लिहितो.

सर आणि मी भिवंडीत टेमघरच्या एका चाळीत एकाच खोलीत राहायचो. मी शाळेत इतिहास शिकवायचो. ते माझ्याहून थोडे मोठे, अंगानं काटकुळे, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर लावून फिरणारे. एकदा मुख्याध्यापकांनी घाईत त्यांच्या खिशातून पेन म्हणून तो थर्मामीटर ओढला आणि मस्टरवर सही करायला लागले. सही उमटेना म्हणून ते झटकू लागले. सर शांतपणे म्हणाले, "झटकू नका, रीडिंग जाईल."

ते मुळात फिजिक्सचे नव्हतेच. पंच्याहत्तर साली जुनी अकरावी गेली, दहावीनंतरचं ज्युनियर कॉलेज आलं, आणि आमच्या संस्थेनं हौसेनं अकरावी सायन्स काढायचं ठरवलं. चिटणीसांनी सरांना बोलावून विचारलं, "तुम्ही सायन्सवाले ना?"

"हो. वनस्पतिशास्त्र."

"झालं तर. फिजिक्सपण सायन्समध्येच येतं. जूनपासून घ्या."

सरांनी नवीन पुस्तक आणलं आणि दुसऱ्याच धड्यात त्यांना वेगाचं सूत्र भेटलं. वर ds, खाली dt. सरांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "छपाईची चूक नसेल तर सोपं आहे. वरचा डी, खालचा डी, कापून टाक." त्या हिशेबानं त्यांनी पूर्ण आठवडा गणितं सोडवली. गंमत म्हणजे बरीचशी उत्तरं बरोबर आली. मग एक दिवस एका गणितानं दगा दिला. कुणीतरी त्यांना सांगितलं की हे डी कापायचे नसतात, हा कॅल्क्युलस असतो आणि तो वेगळा शिकावा लागतो. सरांचा चेहरा पडला. पण तेवढ्यापुरताच. सबंध उन्हाळ्याची सुट्टी पुढं होती. त्यांनी मुंबईहून कॅल्क्युलसचं एक जाडजूड जुनं इंग्रजी पुस्तक आणलं आणि घरच्या घरी, कुणालाही न विचारता, ते शिकायला बसले.

इथं त्यांच्या दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

पहिली सवय अशी, की त्यांना पुस्तकात पुढं उडी मारता येत नसे. मुखपृष्ठ, छापखान्याचं नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, सगळं ओळीनं. प्रस्तावनेत लेखकानं आपल्या बायकोचे आभार मानले होते, तर सर मला म्हणाले, "बाई चांगली असणार." प्रकरणाखालची सगळी उदाहरणं सुटल्याशिवाय ते पुढचं प्रकरण उघडत नसत. जेवणातही त्यांचं तसंच. आधी चपाती, मग भाजी, मग भात, मग आमटी. भात कोरडा गिळून त्यावर आमटी पिताना मी त्यांना रोज पाहिलंय.

दुसरी सवय म्हणजे मराठी. "इंग्रजीत वाचलं की ते इंग्रजीतच राहतं, माझ्यापर्यंत येत नाही," असं ते म्हणत. म्हणून प्रत्येक शब्दाला परिभाषा कोशातला मराठी शब्द शोधून त्यांनी तो पाठ केला. फंक्शनला फल, कॅल्क्युलसला कलन. आणि ज्याच्यावर हे सगळं कलन उभं आहे त्या लिमिटला, सीमा.

आमच्या खोलीला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. बारा तास खटाखट, खटाखट. त्या आवाजात स्वतःला ऐकू यावं म्हणून सर ओरडून पाठ करत. समोर मी बसलेला, कारण त्यांचं म्हणणं होतं की इतिहासाच्या माणसाला समजलं तर अकरावीला नक्की समजेल. तर भर दुपारी, उघड्या खिडकीत, सर माझ्याकडं बघून घसा फोडून ओरडत:

"सीमेच्या जवळ जायचं! अजून जवळ! हवं तितकं जवळ! पण सीमेला स्पर्श? करायचा नाही!"

वीज गेली की लूम एकदम थांबत. सर थांबत नसत. मग त्या शांततेत सबंध चाळीला ऐकू जाई, "सीमा डावीकडून बघ! आता उजवीकडून बघ!"

कारखान्यातले एक वयस्क चाचा एकदा खिडकीशी येऊन मला हळूच म्हणाले, "मास्टरजी, वो सीमावाले मास्टर को समझाओ. उमर है, हम समझते हैं. लेकिन इतना चिल्लाके कोई प्यार करता है क्या?"

मी हसलो आणि म्हणालो, "क्या करें चाचा, सीमा है ही ऐसी." झालं. सीमावाले मास्टर हे नाव तिथून पडलं आणि शिफ्ट बदलली तसं गावभर झालं.

सरांना यातलं काहीही कळत नव्हतं. ते क्षणात अडकले होते. टांग्यात बसले की टांगेवाल्याला विचारत, "आत्ताच्या आत्ता, या एका क्षणात, तुझा वेग किती?" टांगेवाला म्हणाला, "साहेब, एका क्षनात घोड्याचा पाय पन उचलत न्हाय." सर आनंदानं खाली उतरले आणि उरलेलं अंतर चालत आले. विचार करता यावा म्हणून.

अकलोलीची हकिकत तर मी डोळ्यांनी पाहिली. गरम वस्तू निवते कशी, आधी भराभर आणि मग सावकाश, हे त्यांना मोजायचं होतं. घरी पाणी तापवता आलं असतं. पण नाही. निसर्गाचं पाणी पाहिजे म्हणून ते मला घेऊन अकलोलीच्या गरम कुंडावर गेले, दुधाची किटली भरली, आणि परतीच्या यष्टीत किटली मांडीवर घेऊन थर्मामीटर बुडवून बसले. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "तीर्थ हाय का, दादा?"

"नाही आजी, पाणी आहे. निवतंय."

"द्या वाईच. निवायच्या आत द्या."

म्हातारीनं ओंजळ पुढं केली. तिला दिल्यावर मागच्या बाकावरच्यांना नाही कसं म्हणणार? कंडक्टरनंसुद्धा टोपी काढून डोळ्यांना पाणी लावलं आणि किटलीचं तिकीट माफ केलं. घरी आल्यावर सरांनी आलेख काढला आणि मला बोट ठेवून दाखवला. "हे बघ, इथं वक्र एकदम खाली पडलाय. पाणी कमी झालं की लवकर निवतं. अंबाडी नाक्याला भाविक वाढले."

अकलोलीला जायचं आणखी एक कारण होतं, आणि ते सरांनी मला लाजत सांगितलं. पुढचा थांबा गणेशपुरी. तिथल्या यमुनेशी त्यांचा साखरपुडा नुकताच झाला होता. तिच्या वडिलांची भातशेती आणि देवळाच्या रस्त्याला नारळ-फुलांचं दुकान. सरांना आई-वडील नव्हते, पस्तिशी जवळ आलेली, चार ठिकाणी नकार झालेला. एका मुलीनं तर कांदेपोह्यांच्या वेळीच नाही म्हटलं होतं, कारण सरांनी आधी सगळे पोहे खाल्ले आणि मग सगळे कांदे. यमुना मात्र त्यांच्याकडं बघून हसली होती. "ती हसली रे," एवढंच ते मला पुन्हा पुन्हा सांगत. लग्न दिवाळीनंतर होतं. हे मोडलं असतं तर सरांनी पुन्हा कुणाच्या दारात पाऊल टाकलं नसतं, हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

शाळा सुरू झाली, अकरावीचा वर्ग भरला, आणि एके दिवशी यमुनेचे वडील शाळेच्या फाटकाशी मला भेटले. दुकानाचा माल घ्यायला ते भिवंडीला आले होते. बाजारात कुणीतरी त्यांना विचारलं होतं की सीमावाल्या मास्तरला मुलगी देणारे ते तुम्हीच का. सर वर्गावर होते. वडील माझ्याजवळ आले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मास्तर, तुमी त्यांच्या खोलीत ऱ्हाता ना? मंग सांगा. ही सीमा कोन हाय?"

मला खरंच आधी वाटलं, की म्हाताऱ्याला गणिताची गोडी आहे. भरून आलं. मी सांगायला लागलो, "सर रोज तिचाच अभ्यास करतात."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

"घरी येते?"

"ती येत नाही. सर तिच्याकडं जातात. जवळ जवळ जातात, हवं तितकं जवळ. पण स्पर्श होत नाही."

"न्हाय व्हत?"

"नाही. तोच तर मुद्दा आहे. आणि डावीकडून गेलं काय, उजवीकडून गेलं काय, तीच सापडायला पाहिजे. दोन्हीकडं वेगवेगळी सापडली तर सगळंच फुकट."

म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. "म्हंजे दोन हायेत?"

इथं मला कळलं. आजवर मी सांगत आलो, की शेवटपर्यंत मला काही कळलंच नाही, मी भोळेपणानं बोलत गेलो. तसं नव्हतं. त्या 'दोन हायेत' पाशी मला लख्ख कळलं की हा माणूस बाईबद्दल विचारतोय. तिथं 'अहो, गणित आहे ते' एवढं म्हणायचं होतं. पण पुढचं वाक्य इतकं छान सुचलं होतं की ते गिळवेना. मी म्हणालो, "कधी कधी एकही नसते. तरी सर शोधत राहतात."

म्हातारा स्टँडकडं निघून गेला. मी धावत स्टाफरूममध्ये गेलो आणि सगळ्यांना हे सांगितलं. इतके हसलो, की शिपाई पाणी घेऊन आला.

आठवडाभरात साखरपुड्याची साडी परत आली. आणणाऱ्या माणसानं निरोप सांगितला, "आमची पोर अशा मानसाला देनार न्हाय." सर साडी हातात धरून उभे. मग घडी मोडली आहे का ते बघितलं आणि मला विचारलं, "अशा म्हणजे कशा?" मी मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "डावीकडून, उजवीकडून हे बरोबर सांगितलंस. तुला समजलं म्हणायचं."

त्यानंतर चारेक दिवसांनी यमुना स्वतः आली. मावशीला घेऊन, पहिल्या यष्टीनं, थेट शाळेत. मी तिला वर्गाच्या दारापर्यंत नेलं आणि तिथंच थांबलो. अकरावीला सर शिकवत होते. ती आत गेली, शेवटच्या बाकावर बसली, पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, "ती सीमा कुठं हाय?"

सरांनी खडूनं फळ्यावर टकटक केलं. "ही."

"ही?"

"ही."

"बरं. समजवा."

मुलं खिदळली, पण सर गंभीर झाले. इतका चांगला प्रश्न त्यांना महिन्याभरात कुणी विचारला नव्हता. म्हणाले, "समजा, तुम्ही गणेशपुरीहून भिवंडीला निघालात. आधी अर्धी वाट आलात. मग उरलेल्या वाटेतली अर्धी. मग पुन्हा उरलेल्यातली अर्धी."

"यष्टीनं का पायी?"

"कशानंही."

"मंग भिवंडी कवा येते?"

"भिवंडी जवळ येत जाते. तुम्हाला हवी तितकी जवळ. ती सीमा."

"पन पोचते कवा?"

सरांना खोटं बोलता येत नसे. "पोचत नाही. पोचायची गरजच नसते."

यमुना उभी राहिली. "म्हंजे तुमी माज्या जवळ जवळ येनार आन पोचनार न्हाय?"

सर फळ्याकडं वळले, पुन्हा तिच्याकडं वळले. कुठलाही माणूस इथं 'छे, छे, पोचणार' म्हणाला असता. सर म्हणाले, "पोचता येतं का, ते पुढच्या प्रकरणात असावं. मी अजून तिथपर्यंत गेलेलो नाही."

"मंग जावा. वाचा आन सांगा. पन तवर आबांना मी काय सांगू? ते जव्हारकडचं स्थळ बघतायत."

"सांगा, प्रकरण चालू आहे."

तिनं घरी जाऊन बापाला शब्द न बदलता सांगितलं, की मास्तरांचं प्रकरण चालू आहे, संपलं की ते कळवतील. त्या घरात त्या दिवशी काय झालं असेल ते मी सांगत नाही.

पुढचे दिवस मी सरांच्या पाया पडायचा बाकी होतो. "सर, पुढचं पान उलटा. नुसतं बघा, काय लिहिलंय."

"उदाहरणं राहिलीत."

"जव्हारचं स्थळ येतंय!"

"येऊ दे. अवघड उदाहरणं आहेत, मध्ये बोलू नकोस."

मी गुपचूप पुस्तक उघडून बघितलं, पण ते इंग्रजी आणि ती चिन्हं मला कुठली कळायला! सर मात्र शर्ट काढून, पंचा गुंडाळून, खटाखट आवाजात एकेक उदाहरण सोडवत होते. पाऊस धरला, भाताची लावणी सुरू झाली. शेवटी एका रविवारी सकाळी ते ओरडले. यावेळी पाठांतर नव्हतं. "संतत! अरे, संतत!" पायात चप्पल नव्हती, तसे स्टँडवर धावले. मी त्यांची चप्पल घेऊन मागं.

गणेशपुरीला पोचलो तर घरात कुणी नाही. सगळे लावणीवर. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ चिखलात उतरले. ओणवे झालेले वडील हातात रोपांची जुडी धरून उभे राहिले. सर लांबूनच ओरडले, "आबा, प्रकरण संपलं!"

वडील बघत राहिले. "संपलं?"

"आज सकाळी संपवलं. पुरतं. आता त्यात काही राहिलं नाही."

"परत न्हाय ना चालू व्हनार?"

"गरजच नाही. सगळं पाठ आहे."

म्हाताऱ्यानं हातातली जुडी खाली टाकली आणि चिखलाच्या हातानं सरांना मिठी मारली. भोळा माणूस. जावयानं बाई सोडली, आणि तेही लावणीच्या दिवसांत धावत येऊन सांगितलं, यापेक्षा मोठा मान त्याला कुणी दिला नव्हता. मरेपर्यंत तो हेच समजत होता, आणि मी त्याला काहीही सांगितलं नाही.

यमुना चार वाफे पलीकडं कमरेत वाकून लावत होती. तिनं मान वर केली नाही. "काय लिवलंय म्होरं?"

"पोचता येतं," सर म्हणाले. "मध्ये कुठं रेघ तुटली नाही, संतत असली, तर पोचता येतं. मग सीमा आणि मुक्काम एकच."

"यवढंच?"

"एवढंच."

"मंग त्यासाठी येवढा अभ्यास कशाला?" ती म्हणाली, आणि हसली. सरांनी माझ्याकडं वळून बघितलं.

दिवाळीनंतर लग्न झालं. वरात भिवंडीला आली. सरांकडं वडीलधारं कुणी नाही म्हणून लक्ष्मीपूजन आमच्या चाळीतच मांडलं. मी सामान उचलून शेजारच्या खोलीत गेलो होतो. यमुनेनं माप ओलांडलं तेव्हा सगळी चाळ गॅलरीत. मी तिच्या मागंच उभा होतो. बायका कुजबुजत होत्या, आणि भिवंडीची कुजबुज लूमच्या आवाजावर मात करणारी असते.

"ही ती नव्हं. ती दुसरी, सीमा."

"बिचारी! हिला कुणी सांगितलं नसंल."

"मास्तर जातोय अजून तिच्याकडं. डावीकडून पन, उजवीकडून पन."

यमुनेनं सगळं ऐकलं. पाटावर बसली. ताटात तांदूळ पसरले होते. अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं. सरांनी ठरवलं होतं, की नाव बदलायचं नाही, यमुनाच लिहायचं. त्यांनी 'य' काढला. तिनं त्यांचा हात धरला आणि तांदूळ सारखे केले.

"सीमा लिवा."

सर घाबरले. "अहो, पण ती नाहीच आहे."

"आता हाय. लिवा. लोकांची तोंडं चालतायत, त्यांना बाई दिसू दे तरी."

सरांनी लिहिलं. भटजींनी मोठ्यानं वाचलं. गॅलरीत एकदम गलका उठला. हीच सीमा! हीच ती! गणेशपुरीच्या पोरीला सोडून मास्तरनं सीमा आणली! तिथं ती जिवंत गणेशपुरीची पोर बसली होती, आणि कुणालाही तिचं येणं-जाणं, माहेर, बाप काही विचारावंसं वाटलं नाही.

मी पुढं झालो. सांगायचंच, म्हणून घसा खाकरला. सगळे माझ्याकडं वळले. नवरीनं तांदळांवरची नजर उचलून माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "भाऊजी, तुमी जेवायला बसा."

मी जेवायला बसलो.